कशावरून साहेब

त्यांना फोन करून "सर, मी बोलतोय" असं म्हटलं, की पलीकडून आधी काहीच यायचं नाही. नुसता पंख्याचा आवाज. मग सावकाश, एकेक अक्षर वेगळं धुऊन दोरीवर टाकल्यासारखं ऐकू यायचं, "कशावरून?"

पहिल्यांदा मी गडबडलो. मीच बोलतोय हे कशावरून, याचं उत्तर काय द्यायचं? म्हटलं, "सर, माझा आवाज..."

"आवाज सर्दीनं बसतो. उद्या आपल्याला सर्दी झाली, तर आपण कोण?"

आणि फोन बंद. त्यानंतर बराच वेळ मी खराडीच्या रस्त्यावर हातात फोन धरून, सर्दी झालेला मी म्हणजे नक्की कोण, याचा विचार करत उभा होतो. फोन कशासाठी केला होता ते आजतागायत आठवलेलं नाही.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. वरिष्ठांना विचारत, बँकेच्या मुलींना विचारत, कुरियरवाल्याला तर दोनदा विचारत. एकदा मी समोर बसलेला असताना त्यांच्या घरून फोन आला. नाव मोबाइलवर दिसत होतं, तरी यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलंच. पलीकडून बाईंचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला स्वच्छ ऐकू आला.

"गॅस संपलाय, यावरून!"

साहेबांनी मान डोलावली. "पटलं," म्हणाले, आणि सिलिंडरचा नंबर लावायला घेतला.

ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे 'कशावरून साहेब' म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खरं तर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या स्नेहलनं ठेवलेलं. पण त्याचं श्रेय मी घेतलं, आणि त्यामुळे ते साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा बोलणी मला बसली.

आमचं काम काय होतं, ते थोडक्यात सांगतो. सरकारची एक डिजिटल ओळखीची सेवा होती. माणसानं एकदा आपली कागदपत्रं दाखवून ओळख पटवायची, मग शिष्यवृत्ती असो, वसतिगृह असो की पेन्शन, सगळीकडे त्याच एका नंबरावर आत जायचं. सरकारी संकेतस्थळं म्हणजे वेगवेगळ्या खोल्या आणि आम्ही त्यांचं दार. 'दार' हेच नाव आमच्या तोंडी होतं. ते बांधायचं आणि चालू ठेवायचं काम खराडीतल्या आमच्या कंपनीकडे होतं, आणि आमच्यावर लक्ष ठेवायला सरकारी विभागानं साहेबांना प्रतिनियुक्तीवर पाठवलं होतं.

कंपनीनं त्यांना काचेची केबिन देऊ केली. ती नाकारून त्यांनी आपलं टेबल मजल्याच्या खऱ्याखुऱ्या दाराशेजारी लावून घेतलं. रोज सकाळी आत शिरलं की हात पुढे यायचा. "ओळखपत्र?"

"सर, कालच आपण एकत्र जेवलो. तुम्ही माझ्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्लीत."

"मी ओळखतो आपल्याला. विभाग ओळखत नाही. ओळखपत्र?"

त्यांचं स्वतःचं कार्ड बाराही महिने गळ्यात असे. त्यावरच्या फोटोत भरघोस मिशा आणि डोक्यावर केसांचा डोंगर, आणि समोर बसलेल्या साहेबांच्या चेहऱ्यावर यातलं काही म्हणजे काही नाही. एकदा एका नवख्या मुलीनं धीर करून म्हटलं, "सर, हा फोटो तुमच्यासारखा वाटत नाही."

साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "कार्ड बरोबर आहे," ते म्हणाले, "मी बदललोय."

एवढा कडक माणूस दिसला की माझ्यासारख्याला खोडी काढावीशी वाटतेच. एका सकाळी मी स्नेहलचं कार्ड गळ्यात घातलं आणि माझं तिला दिलं. म्हटलं, बघू हे खरंच बघतात का. ती आधी आत गेली. साहेबांनी कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि "या" म्हणाले. मग मी. माझ्या गळ्यातलं कार्डही पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. "या, स्नेहलताई," म्हणाले.

मी जागेवर जाऊन पोट धरून हसलो. दहा मिनिटांनी शिपाई आला. "स्नेहलताईंची अकराची मीटिंग आहे, साहेब बोलावतायत." मी गेलो. तिचं महिन्याभराचं काम कुठवर आलंय, हे मी एक तास विभागाच्या लोकांना सांगत होतो आणि मला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. दुपारी तिची बाकीची कामंही माझ्याकडे आली. संध्याकाळी हजेरीपटावर माझ्या नावापुढे गैरहजर. मी तक्रार करायला गेलो तर म्हणाले, "ते गृहस्थ आज आलेच नाहीत, नुसतं त्यांचं कार्ड आलं होतं. उद्या आले तर त्यांना सांगेन, आपण चौकशी करत होतात."

आणि दाखले? ते तर विचारूच नका. मी वाघोलीतलं घर सोडून ऑफिसजवळ भाड्यानं घर बघत होतो. सोसायटीवाले म्हणाले, कुणा सरकारी अधिकाऱ्याचं दोन ओळींचं पत्र आणा, की हे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. मी हरखलो. असा अधिकारी तर माझ्या दारातच बसलाय! साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असं मी आजवर कोणाबद्दल लिहून दिलेलं नाही."

"सर, चार वर्षं रोज बघताय मला."

"सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. उरलेल्या वेळात आपण कोण असता, मला काय ठाऊक?"

घर गेलं. मी वाघोलीतच राहिलो, आणि नगर रस्त्याच्या गर्दीत रोज उभा राहून उरलेल्या वेळात मी कोण असतो याचा शोध घेत राहिलो. मी बहुतेक वेळा ट्रकच्या मागे असतो, एवढंच कळलं.

आता बिऱ्हाडाची गोष्ट. आमचं दार सरकारी असलं तरी ते ज्या यंत्रांवर चालायचं ती सरकारी नव्हती, आमचीही नव्हती. ती एका खाजगी क्लाउड कंपनीची. म्हणजे लाखो लोकांची ओळख आम्ही सांभाळायची, आणि ती ठेवायची जागा त्यांच्याकडून भाड्यानं घ्यायची. मी साहेबांना सुरुवातीला फार उत्साहानं समजावलं होतं. फळ्यावर ढग काढला होता. ढगाला बाण जोडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आपण भाडेकरू."

"तसं नाही सर, क्लाउड म्हणजे..."

"जागा कोणाची?"

"त्यांची."

"बाहेर काढलं तर जायला लागेल?"

"हो, पण ते कशाला काढतील?"

"म्हणजे भाडेकरूच." त्यांनी उठून माझा ढग पुसला आणि तिथे एक चौकोनी घर काढलं, वर कौलंसुद्धा. "घरमालक राहतात कुठे?"

त्या कंपनीचं पुण्यातलं ऑफिस हिंजवडीला होतं. तेव्हापासून आमच्या मजल्यावर क्लाउडला सगळे 'हिंजवडीचं बिऱ्हाड' म्हणायला लागले, आणि दर महिन्याला एकदा घरमालकाला तोंड दाखवून यायचा साहेबांनी नेम धरला. माझी स्कूटर असल्यामुळे मी सारथी. काम काही नसायचं. खराडीहून हिंजवडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. मधल्या सगळ्या सिग्नलांना नमस्कार करत जायचं, त्यांच्या मॅनेजर बाईंसमोर बसायचं, चहा प्यायचा, "सगळं ठीक ना?" विचारायचं आणि परत. माझ्या पाठीचा पार भुगा व्हायचा.

"सर, हे व्हिडिओ कॉलवर होईल की."

"भाडेकरूनं मालकाचा चेहरा बघून ठेवावा. आणि मालकालाही भाडेकरूचा दाखवावा."

पहिल्याच खेपेला त्यांच्या फाटकावर अडचण आली. तिथे पास द्यायचं यंत्र होतं. आपला ओळख नंबर दाबायचा, ते यंत्र आमच्याच दाराला विचारायचं, आणि माणूस खरा निघाला की पास छापून फाटक उघडायचं. आमचं दार त्यांच्या फाटकावर! साहेब इतके खूष झाले, की त्यांनी मला यंत्रासोबत त्यांचा फोटो काढायला लावला. पण पुढे यंत्रानं विचारलं, कामाचं स्वरूप? मुलाखत, दुरुस्ती, विक्री आणि डिलिव्हरी. 'भेट' असा पर्यायच नव्हता. मी म्हटलं, डिलिव्हरी दाबा आणि चला. साहेबांनी डिलिव्हरी दाबली, पण आत पाऊल टाकेनात.

"खोटं नोंदवायचं नाही. काहीतरी डिलिव्हर करायला हवं."

मग मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो चिवडा आणला, तेव्हा ते आत गेले. तेव्हापासून दर महिन्याला साहेब हिंजवडीला चिवड्याची डिलिव्हरी द्यायचे. त्या मॅनेजर बाई पहिल्या खेपेला हसल्या होत्या. पुढे पुढे पाकीट घेऊन सरळ बशीत ओतायला लागल्या.

आणखी एक नेम म्हणजे शुक्रवारचा तास. फसवणुकीच्या मेलपासून सावध कसं राहायचं, हे साहेब दर शुक्रवारी आम्हाला शिकवत. आठवड्यात ज्यानं सगळ्यात जास्त खोटे मेल पकडले त्याला सगळ्यांसमोर चॉकलेट. आता सांगायला हरकत नाही, त्या काळात मी चॉकलेटसाठी जगत होतो. मेल आला की आधी गुन्हेगार, मग जमलं तर निरपराध. आत्याच्या साठीचं आमंत्रण मी फसवणूक म्हणून कळवलं होतं. आत्या अजून बोलत नाही.

अशाच एका शुक्रवारी माझा मेल साहेबांनी नमुना म्हणून पडद्यावर लावला आणि स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला. "प्रिय किंग ऑफ वाघोली, आपल्या खात्याची मालकी आपलीच असल्याची खात्री करून द्यावी. अन्यथा सेवा थांबवण्यात येईल."

सगळा मजला खो खो हसला.

"बघा," साहेब म्हणाले, "चोराला धड नावही ठाऊक नाही. किंग! वर धमकी! यांनी हा अचूक ओळखला. टाळ्या."

टाळ्या झाल्या. मी चॉकलेट खाल्लं. त्यात बदाम होते. पुढच्या आठवड्यात तसाच मेल आला, तोही मी चोराचा म्हणून कळवला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

आणि मग ती सकाळ उजाडली.

मी पोचलो तेव्हा साहेबांच्या टेबलासमोर एक मुलगी उभी होती. काखेत प्लॅस्टिकची फाइल, पायात धुळीनं माखलेले सँडल, आणि चेहऱ्यावर आता रडू की मग रडू असा भाव. ती भंडाऱ्याकडची. वाघोलीच्या नर्सिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता आणि सरकारी वसतिगृहाच्या यादीतही नाव लागलं होतं. त्या संध्याकाळी पाचच्या आत आमच्या दारातून जाऊन जागा पक्की करायची होती. हेल्पलाइन कोणी उचलेना, म्हणून संकेतस्थळावरचा पत्ता शोधत ती थेट खराडीला आली होती.

"सकाळपासून ट्राय करून राहिली सर मी," ती सांगत होती, "नुसतं गोल गोल फिरून राहिलं. पाच वाजता लिंक बंद होते म्हणते. घरचे म्हणतेत, हॉस्टेल भेटलं नाही तर वापस ये. बाहेर रूम घेऊन राहणं आम्हाला नाही जमत सर."

साहेबांनी सवयीनं विचारलं, "यादीत नाव आपलंच आहे, कशावरून?"

तिनं फाइल टेबलावर उपडी केली. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, ओळखपत्रं, फोटो. टेबल भरलं.

"सगळं आहे सर माझ्याजवळ. तुमचं दारच नाही उघडून राहिलं."

 साहेबांनी ती सगळी कागदपत्रं एकेक करून उचलली, कडा जुळवल्या, फाइलमध्ये नीट लावून तिच्या हातात दिली आणि तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर त्यांच्याशिवाय कोणी बसल्याचं मला आठवत नाही.

"दाराला काय झालंय?" ते माझ्याकडे वळले.

मी धावत जागेवर गेलो. एव्हाना स्नेहलनं खातं उघडलं होतं आणि ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर हिंजवडीच्या घरमालकाचा निरोप. 'मालकाने खात्री न दिल्याने खाते थांबवण्यात आले आहे.' खाली लिहिलं होतं, 'नोंदणीकृत मालक.' आणि त्याच्यापुढे, 'किंग ऑफ वाघोली.'

सांगतो. पाच वर्षांपूर्वी हे दार पहिल्यांदा उभं करताना विभागाचा अधिकृत मेल मिळायला वेळ लागत होता. मी नवा होतो, अंगात जोर होता. म्हटलं, तात्पुरतं माझ्या मेलवर खातं उघडतो, नंतर बदलू. आणि माझा मेल कॉलेजात असताना उघडलेला. त्या वयात वाघोलीत मला कोणी विचारत नव्हतं, म्हणून मी स्वतःच स्वतःला राजा केलं होतं. पुढे कामाला सगळ्यांच्या वेगळ्या चाव्या झाल्या, आणि मूळ चावी किंगकडे आहे हे खुद्द किंगच विसरला. त्या शुक्रवारी सगळे हसले तेव्हा ते नाव माझंच आहे हे सांगायची लाज वाटली, आणि चोरानं ते कुठून तरी उचललंय अशी मी स्वतःची समजूत घातली.

"म्हणजे तो चोर..." स्नेहल म्हणाली.

"घरमालक होता," मी म्हणालो.

"आणि तू त्याला तीनदा चोर म्हणून..."

"हो."

"आणि चॉकलेट..."

"हो गं बाई, हो!"

त्या कंपनीची हेल्पलाइन लावली तर सतार वाजायला लागली. चॅटवर गेलो तर तिथल्या यंत्रानं मला, तू यंत्र तर नाहीस ना, असं विचारलं, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे फोटो ओळखायला लावले. मी दिवे ओळखत होतो, ते आणखी दिवे देत होतं. यातच दुपारचे दोन वाजून गेले. खांद्यावर हात पडला. साहेब. गळ्यात कार्ड, डोक्यावर हेल्मेट.

"चला," म्हणाले. "बिऱ्हाडावर."

निघताना त्यांनी आपला खाजगी नंबर त्या मुलीच्या हातात दिला. "दार उघडलं की पहिला फोन मला. तोवर या स्नेहलताईंशेजारी बसून दर पाच मिनिटांनी कडी वाजवत राहा."

मी त्या दिवशी जशी स्कूटर हाकली तशी पुन्हा कधी हाकलेली नाही, आणि कोणी हाकूही नये. येरवडा गेलं, संगमवाडी गेलं, विद्यापीठाच्या चौकात मेट्रोच्या खांबांखाली अडकलो तेव्हा माझ्या कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला होता. मागे साहेब ताठ बसलेले, कार्ड वाऱ्यावर फडफडतंय.

"सर, चूक माझी आहे."

"आहेच." बाणेरचा उतार आला. मग हेल्मेटच्या आतून आवाज आला, "पण पत्र मी वाचून दाखवलं होतं. टाळ्याही मीच वाजवायला लावल्या. चॉकलेटसुद्धा मीच आणलं होतं. बदामाचं." आणखी थोड्या वेळानं, "उजवीकडून काढा. जागा आहे."

हिंजवडीच्या फाटकावर पोचलो तेव्हा तिथे रांग. पन्नाशीचे रखवालदार काका, त्याच गावातले, यंत्रावर थापट्या मारत होते. आम्हाला बघून त्यांनी हात जोडले.

"सायेब, आज पास निघंना. सकाळधरनं मशीन बंद हाय. कुनालाच वळखंना झालंय."

मी कपाळावर हात मारला. ते यंत्र आमच्या दाराला विचारायचं. आमचं दार या लोकांनी बंद केलं होतं. ते उघडायला आत जायचं, तर आत जायला दार उघडं पाहिजे! मी रखवालदारांना जवळजवळ मिठीच मारली. "काका, तुम्ही ओळखता ना साहेबांना? दर महिन्याला येतात, चिवडा आणतात."

"म्या वळखतो की! लसूण घातलेला चिवडा. पर म्या वळखून काय उपेग? मशीन वळखत न्हाई, तवर सोडायचं न्हाई, असा हुकूम हाय."

साहेबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते हसू होतं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. त्यांनी रखवालदारांचा हात हातात घेऊन हलवला.

"शाबास! अगदी बरोबर. मुळीच सोडू नका आम्हाला."

"सर!" मी ओरडलो. "चार वाजत आलेत! ती मुलगी बसलीय तिकडे!"

"ओरडू नका. नियम त्यांचा आहे आणि चांगला आहे. आपण आत जायचं नाही. आत जे आहेत त्यांना बाहेर यायला कोणता नियम आडवा येतो?"

त्यांनी फोन लावला. "मॅडम, नमस्कार. मी आपला भाडेकरू. आवाजावर विश्वास ठेवू नका, खिडकीतून फाटकाकडे बघा."

पाच मिनिटांत मॅनेजर बाई लॅपटॉप छातीशी धरून फाटकाबाहेर. समोरच्या चहाच्या टपरीवर एक बाकडं रिकामं होतं. सरकारी दाराची चावी कुठल्याशा थंडगार खोलीत, काचेमागे वगैरे असेल असं तुम्हाला वाटत असेल. त्या दिवशी ती चहाच्या बाकड्यावर, आल्याच्या सालींशेजारी ठेवलेली होती.

बाईंनी पटापट बोटं चालवली आणि थांबल्या. "सर, मी उघडू शकते. पण मालक समोर लागतो, आणि तुमच्या विभागाचं पत्र. मालक कोण?"

मी हात वर केला.

"नाव इथे 'किंग ऑफ वाघोली' आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. "तुमच्याकडे या नावाचं काही आहे?"

काय असणार? कार्डावर माझं खरं नाव. पॅनवर माझं खरं नाव. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं चांगलं नाव प्रत्येक कागदावर होतं, आणि किंग कुठेच नव्हता. मेलमध्ये शिरावं म्हटलं, तर इतक्या मेलना चोर ठरवल्यामुळे त्या मेलनं मलाच चोर ठरवून बाहेर ठेवलं होतं.

बाई अवघडून साहेबांकडे वळल्या. "सॉरी सर, विचारावं लागतं. हे तेच आहेत, कशावरून?"

टपरीवाल्याचा स्टोव्ह फरफरत होता. पलीकडे कंपनीच्या बसचे हॉर्न. साहेबांना हा प्रश्न कोणी विचारलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला. माझ्याकडे पाहिलं, रोज सकाळी दारात पाहतात तसं. मला खात्री होती, ते म्हणणार, असं मी आजवर कोणाबद्दल लिहून दिलेलं नाही. खराडीत एक मुलगी स्नेहलशेजारी बसून कडी वाजवत होती, आणि इथे मी मी आहे हे सांगणारं जगात कोणी नव्हतं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "फोटो जुना होतो. माझाच बघा. सही खोटी मारता येते. आवाज सर्दीनं बसतो. पण सरकारी दाराची मूळ चावी असल्या नावावर ठेवायची, पाच वर्षं ते विसरायचं, घरमालकाचं पत्र आलं की चोर म्हणून कळवायचं, एकदा नाही, तीनदा, आणि वर चॉकलेट खायचं. एवढं सगळं एका माणसाला जमणं अवघड आहे. यांना जमतं. मी चार वर्षं रोज सकाळी यांना दारात तपासतोय. हे तेच. मी ओळखतो यांना."

मग त्यांनी बाईंकडून कोरा कागद घेतला, हेल्मेटवर ठेवला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं. 'प्रमाणित करण्यात येते की, किंग ऑफ वाघोली म्हणून नोंद असलेली व्यक्ती व प्रस्तुत गृहस्थ हे एकच असून, ते माझ्या व्यक्तिशः ओळखीचे आहेत.' खाली सही, हुद्दा. सरकारी कागदावर माझं असं वर्णन पुन्हा होणे नाही. बाईंनी त्याचा फोटो काढून चढवला, कुणाला तरी फोन केला, पुन्हा बोटं चालवली. आम्ही तिघंही चहा हातात धरून बसलो होतो आणि चहा कोणी पीत नव्हतं.

आधी कळलं ते फाटकावरून.

"सायेब!" रखवालदार तिकडून ओरडले. "वळखाया लागली! मशीन वळखाया लागली!"

यंत्र खडखड पास ओकत होतं. सकाळपासून अडकलेले सगळे एकदम. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या बाकड्यावर उभा राहून नाचलो, टपरीवाला ओरडला, मग तोही हसायला लागला. साहेब मात्र उठून शांतपणे यंत्राकडे गेले, आपला नंबर दाबला, पास घेतला, फाटकातून आत गेले आणि लगेच परत बाहेर आले.

"चालतंय," म्हणाले. मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "चिवडा राहिला. डिलिव्हरी दाबलंय मी."

मी पळत जाऊन चिवडा आणला. दोन पाकिटं. एक रखवालदारांना.

पाचाला थोडा वेळ होता तेव्हा साहेबांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"सर, मी बोलून राहिली! झालं सर! हॉस्टेल भेटलं!"

साहेबांनी डोळे मिटले. एक मोठा श्वास घेतला. आणि हा माणूस, देवाशपथ सांगतो, हा माणूस म्हणाला, "कशावरून?"

"अहो सर," तिकडून हुंदका आणि हसू एकत्रच आलं, "रडून राहिली ना मी! ऐकू नाही येऊन राहिलं काय तुम्हाला?"

"येतंय," साहेब म्हणाले. "पटलं." आणि फोन बंद करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

पुढच्या आठवड्यात ती मूळ चावी विभागाच्या नावावर झाली आणि किंग ऑफ वाघोली गादीवरून उतरला. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी तरंगतच ऑफिसात शिरलो. सरकारी सहीनं ओळखीचा झालेला माणूस मी! दारात साहेब. मी मोठं हसून, हात हलवत, सरळ आत निघालो.

हात पुढे आला. "ओळखपत्र?"

"सर! काल तुम्ही लिहून दिलंत. व्यक्तिशः ओळखीचे!"

"ते कालचे गृहस्थ," साहेब म्हणाले. "आज आलेले तेच, कशावरून?"

मी खिसे चाचपले. कार्ड काल त्या चहाच्या बाकड्यावर राहिलं होतं.

साहेबांनी ड्रॉवर उघडला आणि माझं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. त्याला आल्याचा वास येत होता.

"तेच," म्हणाले. "या आत."